लेकीच्या झाडाचं अंजीर

आमच्या आईनं सलग सात वर्षं अंजीर तोंडात घातलं नाही. झाड परसातच होतं, मोरीच्या पाण्यावर पोसलेलं, उन्हाळ्यात फांद्या वाकतील एवढं लगडणारं. ही बाई त्याच्याखाली बसून भांडी घासायची, पिकलेली फळं काढून आळीभर वाटायची, मला आणि माझ्या बायकोला, सुवर्णाला, बळंबळं खायला घालायची. स्वतः मात्र बोटसुद्धा चाटायची नाही. कारण काय, तर माझी धाकटी बहीण गौतमी फिनलंडात होती आणि तिच्या झाडाचं अंजीर पिकत नव्हतं.

हे जरा समजावून सांगायला हवं. मी हायस्कूलात विज्ञान शिकवतो. समजावून सांगायची मला खोड आहे. सुवर्णाच्या मते तो रोगच आहे.

आमचं गाव पुरंदरच्या पायथ्याशी. या भागात अंजिराच्या बागा पुष्कळ, पण आमचं झाड बागेतलं नव्हे, घरचं. त्याची घरात एक रीत होती. लग्न होऊन लेक सासरी निघाली की तिच्या ओटीत या झाडाची एक काडी घालायची. तिनं ती सासरी लावायची. आणि उन्हाळ्याचा गोड बहार आला, की लेकीच्या झाडाचं पहिलं अंजीर पिकून तिनं खाल्ल्याचा निरोप येईपर्यंत आईनं नवं अंजीर खायचं नाही. लेकीच्या आधी आईच्या घशाखाली घास कसा उतरेल, एवढाच त्यामागचा विचार. जुन्या काळी लेकी तालुक्यातच दिलेल्या असायच्या, त्यामुळे त्यात त्रास काही नव्हता. बाजाराला आलेल्या कुणाकडून तरी निरोप मिळायचा आणि आई खायला मोकळी व्हायची.

पुढे लेकी लांब जायला लागल्या आणि रीत अडचणीत आली. माझी थोरली आत्या सोलापूरला दिलेली. तिकडच्या उन्हात तिचं झाड आमच्याही आधी पिकायचं आणि ती टेचात फोन करायची. धाकटी आत्या पाचगणीला. तिचं झाड गारठ्यात रुसून बसायचं आणि इकडे आजी तिला रोज फोन करून भंडावून सोडायची, जणू काही तीच मुद्दाम पिकू देत नव्हती.

यात रुसण्याफुगण्याचं काही नाही. अंजिराचं झाड तारीख बघत नाही, ऊब साठवतं. रोजच्या उन्हातली थोडी थोडी ऊब त्याच्या खात्यात जमा होते आणि पुरेशी झाली की फळ पिकतं. म्हणून तीच काडी सोलापुरात लवकर पिकते, पाचगणीत उशिरा, आणि जिथे ऊब पुरतच नाही तिथे हिरवी गोटी होऊन गळून पडते. फळाच्या वाढीचेही तीन टप्पे असतात. आधी ते भराभर फुगतं. मग बराच काळ काहीच होत नाही. बघणाऱ्याला वाटतं फळ मेलं. आणि मग एकाएकी, चार-पाच दिवसांत, ते मऊ पडतं, रंगतं, मान टाकतं. मधल्या टप्प्यात त्याला हात लावायचा नसतो. कच्चं तोडलं तर ते आंब्यासारखं अढीत पिकत नाही.

गौतमीनं ओउलू नावाच्या गावात काडी लावली, तिथे मार्च महिन्यात घराच्या दारापर्यंत बर्फ असतो. पहिली काही वर्षं तिच्या कुंडीत नुसत्या हिरव्या गोट्या यायच्या. फोनवर आई विचारायची, "पिकलं का गं?" ती म्हणायची, "नाही गं आई. तू खा ना. कोण बघतंय?" त्यावर आईचं उत्तर ठरलेलं. "मी बघती की."

गौतमी वनस्पतिशास्त्रातली. हट्टाला पेटली की आईच्या वरताण. तिच्या प्रयोगशाळेत एक यंत्र तयार होत होतं, त्यात ती अशी काही शिरली की चार वर्षांनी ते बाजारात आलं तेव्हा त्यावर तिचंही नाव होतं. मराठीत तिनं त्याला 'जोडफांदी' म्हटलं.

कल्पना तशी सोपी. आपल्या इकडच्या झाडाच्या खोडात एक पिन बसवायची, दाभणाएवढी. झाडाला किती ऊन लागतंय, पानं किती तापलीत, खोडातून पाणी कोणत्या वेगानं चढतंय, हे सगळं ती पिन क्षणोक्षणी कळवते. तिकडे दुसरं झाड काचेच्या कपाटात. इकडे जशी हवा, तशीच हवा ते कपाट आत तयार करतं: तसंच ऊन, तसाच दमटपणा, संध्याकाळी डोंगराकडून येणारी झुळूकसुद्धा. काडीपासून वाढवलेलं झाड हे मूळ झाडाचंच रूप असतं. दोघांना एकच हवा मिळाली की दोघं एकाच वेळी फुटतात, एकाच वेळी पिकतात. जोडीला दोन्ही घरांत एकेक चौकट, खिडकीएवढी, कायम चालू. इकडून तिकडचं झाड दिसायचं, आवाज ऐकू यायचा, आणि तिकडूनही तसंच.

"म्हंजे झाड तिकडं असून माहेरीच ऱ्हातंय म्हण की," आई म्हणाली. एवढं नेमकं तर गौतमीच्या माहितीपत्रकातही नव्हतं.

जोडफांदी जगभर खपली. परमुलखात राहणाऱ्यांनी कुणी आंबा लावला, कुणी संत्रं, कुणी नुसती जाई. बाहेर बर्फ आणि आत कपाटात चैत्र, अशा घरांतून माणसं हिंडू लागली. पण मला विचाराल तर ते यंत्र झाडासाठी नव्हतंच. चौकटीसमोर आईनं आपली बाज आणून टाकली. तिकडे गौतमी कपाटाजवळ बसून जेवायची, इकडे आई तिला ओरडायची, "ताटात भाजी घे की वाईच!" जावई बिचारे चौकटीच्या टापूत यायलाही बिचकायचे.

पहिल्या वर्षी दोन्ही झाडं एकाच सकाळी पिकली. गौतमीनं फळ तोडलं, खाल्लं, आणि इकडे आईनं सात वर्षांनी अंजीर तोंडात घातलं. डोळे मिटून बराच वेळ चघळत राहिली. सुवर्णा रडली. मी रडलो नाही, असं मी सांगत असतो. त्यानंतरचे दोन बहारही असेच गेले.

चौथ्या वर्षी आईला घास उतरेनासा झाला.

अन्ननलिकेचा आजार निघाला आणि निघाला तोही फार उशिरा. पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी गौतमी येऊन राहून गेली. तोवर विमानप्रवासाचा कोटा लागू झाला होता. माणशी ठरावीक लांबचे प्रवास, त्याहून जास्त हवे तर खास परवानगी. गौतमीचा कोटा त्या फेरीत संपला. माघात आजार उलटला तेव्हा तिनं परवानगी मागितली. अर्ज विचाराधीन आहे, एवढंच उत्तर रोज यायचं.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, आता पथ्य नको. मागतील ते द्या. मऊ, थोडं थोडं."

मी आईला विचारलं, काय खावंसं वाटतं. तिला बोलायला श्रम पडायचे. तिनं परसाकडे बोट केलं.

झाड पिकायच्या बेतात होतं. त्या वर्षी ऊन लवकर तापलं होतं आणि पहिल्या फळांनी मानाही टाकल्या होत्या. पण चौकटीतल्या झाडाची फळं हिरवीगार, टणक. झालं असं होतं की ओउलूत कडाक्याची थंडी पडली आणि वीज वाचवायला गरजेपुरतीच उपकरणं चालू ठेवायचा हुकूम निघाला. अंजिराचं कपाट गरजेचं कसं ठरणार? ते काही आठवडे बंद राहिलं. गौतमीनं कुंडी स्वयंपाकघरात शेगडीपाशी ठेवली, गोधडी गुंडाळली. झाड जगलं, पण फळं मधल्या टप्प्यात अडकली. कपाट सुरू झाल्यावर तिनं जादा ऊब देऊन बघितली, तर पानांच्या कडा करपल्या. राहिलेली ऊब घाईनं भरून काढता येत नाही.

"आई, ह्या वर्षी माझं उशिरा पिकेल," गौतमी चौकटीतून म्हणाली. "तू खाऊन घे. तुला माझी शपथ."

"शपथा घालू नगंस," आई म्हणाली. "पिकंल की. मला कुठं जायाची घाई हाय?"

घाई होती. ते तिलाही माहीत होतं.

मी चिडलो, समजावलं, शेवटी हातही जोडले. सुवर्णानं एक पिकलेलं फळ सोलून, कुस्करून चमच्यात घेतलं आणि अंजीर असल्याचं न सांगता ओठाला लावलं. आईनं वासानंच ओळखलं आणि तोंड फिरवलं. "पोरीचं पिकलं न्हाय," एवढंच म्हणाली. तिच्या तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसत होतं. भूक मेलेल्या माणसाला इतक्या दिवसांनी काहीतरी खावंसं वाटत होतं, वस्तू हाताच्या अंतरावर होती, आणि मधे एक रीत आडवी पडली होती. मला त्या रीतीचा मनापासून राग आला. अजूनही येतो.

साधी गोष्ट होती. पूर्वीसारखा फोन असता तर गौतमीनं एक खोटा निरोप दिला असता, 'आई, पिकलं, खाल्लं', आणि काम झालं असतं. पण आता चौकट होती. खोटं बोलायची सोय माझ्या बहिणीनं स्वतःच्या हातांनी बंद केली होती.

मग तिनं ती चूक केली. आमच्याकडे फळ लवकर यावं म्हणून त्याच्या डोळ्याला, म्हणजे खालच्या बारीक भोकाला, काडीनं शेंगदाण्याच्या तेलाचा थेंब लावतात. तेलानं फळात पिकवणारा वायू तयार होतो आणि ते आठवडाभर आधी तयार होतं. मात्र डोळा लालसर झाल्याशिवाय तेल लावायचं नाही, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. गौतमीला तर त्यामागचं सगळं शास्त्र ठाऊक. पण तिनं हिरव्या डोळ्यांना तेल लावलं. मी चौकटीतून बघत होतो. मी ओरडायला हवं होतं, पण मलाही वाटलं, कुणी सांगावं, होईलही.

फळं सुरकुतली आणि गळायला लागली. कपाटाच्या तळाशी पडल्याचा बारीक आवाज इकडे ऐकू यायचा. मी चौकट बंद करायला उठलो तर आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पोरगी एकटी पडंल."

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी गौतमीनं हाक मारली. "आई! दादा! वहिनी, आईला उठवून बसवा. एक राहिलं होतं गं, मागच्या फांदीवर, पानाआड. पिकलंय!"

सुवर्णानं आईला उशीला टेकवून बसवलं. चौकटीत झाडाच्या मागच्या अंगाला, एका पानाखाली, जांभळट तपकिरी अंजीर लोंबत होतं. चांगलं टपोरं होतं. जरा जास्तच टपोरं, बाजारात मिळतात तसं. देठापाशी काहीतरी हिरवं चमकत होतं. शिवणकामाचा दोरा होता तो. मला दिसला म्हणजे आईलाही दिसला असणार, कारण तिचे डोळे शेवटपर्यंत माझ्यापेक्षा चांगले होते.

गौतमीनं देठ मुठीत झाकून फळ ओढलं. आमच्या झाडाचं अंजीर तोडलं की देठातून दुधासारखा चीक येतो. इथे चिकाचा टिपूस नव्हता. तिनं घाईनं चावा घेतला आणि भरल्या तोंडानं म्हणाली, "गोड आहे गं आई. खूप गोड आहे. आता तू खा."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हात धू आधी. चीक लागला आसंल, खाज सुटंल."

"हो आई. धुते," गौतमी म्हणाली आणि कोरडी बोटं एकमेकांवर चोळली.

सुवर्णा परसातून ताजं फळ घेऊन आली. आईनं ते स्वतःच्या हातात घेतलं, उघडलं, आतला लाल गर चौकटीला दाखवला आणि तोंडात घातला. हळूहळू चघळला. "साखर हाय नुसती," ती म्हणाली. "गौते, आता मी मोकळी बघ." गौतमी हसली, डोळे पुसले, "आलेच हं" म्हणून चौकटीतून बाजूला झाली. सुवर्णाही पदर तोंडाला लावून आत गेली.

त्या दोघी गेल्यावर आईनं मला जवळ बोलावलं. ओंजळ तोंडाशी नेली आणि गर त्यात काढला. सगळाच्या सगळा. गिळलं काहीच नव्हतं.

"हे झाडाच्या बुडात टाक," ती म्हणाली. "आन् तिला सांगू नगंस."

"आई, अगं गिळवलं नाही का? पाणी देऊ?"

"गिळवलं आस्तं की."

"मग?"

"तिचं पिकलं न्हाय रे अजून," आई म्हणाली. "विकतचं फळ बांधलं लेकरानं. किती जीव टाकती माझ्यासाठी. पर तिचं पिकलं न्हाय."

मग तिनं चूळ मागितली. गोडवा जिभेवर राहू नये म्हणून दोनदा भरली. मी तसराळं धरून उभा होतो. मग तो गर नेऊन झाडाच्या बुडात टाकला.

आठवडाही गेला नाही, आई गेली. विमानाची परवानगी त्यानंतर आली. गौतमीनं ती वापरली नाही. "आता कुणाकडे येऊ?" म्हणाली. मी होतो की. पण तसं बोलायची ती वेळ नव्हती.

तेरावं झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर, मी बाजेवर बसलो होतो. चौकटीत गौतमी आली. केस विंचरलेले नव्हते. इकडची-तिकडची चौकशी करून झाली, मग तिनं विचारलं, "दादा, आईनं त्या दिवशी खाल्लं ना?"

मी तयार होतो. आईनं सांगू नको म्हटलं होतं आणि माझा तो शब्द मोडायचा विचार नव्हता. "खाल्लं की," मी म्हणालो. "तू गेल्यावर वर आणखी अर्धं मागून घेतलं. किती दिवसांनी काहीतरी पोटात गेलं बघ."

"काय म्हणाली?"

"गोड आहे म्हणाली. तुला आशीर्वाद दिला."

गौतमीनं मान हलवली. "दादा, मी आत गेलेच नव्हते," ती म्हणाली. "तिच्यासमोर रडायला नको म्हणून कपाटाच्या मागं उभी राहिले. पानांआडून, काचेतून सगळं दिसत होतं. तिनं ओंजळीत काढलेलं. चूळ भरलेली. दोनदा."

"मग तेव्हाच का नाही आलीस पुढं? का नाही बोललीस?"

"काय बोलू? मी पाहिलं म्हटलं असतं तर तिला कळलं असतं की तिचा एवढा आटापिटा फुकट गेला. माझ्यासाठी तिनं ते तोंडात घोळवलं, दादा. घसा सोलत असताना. मी तेही काढून घेऊ?"

चौकटीच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघं लहानपणी मार खाऊन बसायचो तसे बसलो. परसात साळुंक्या अंजिरावर भांडत होत्या आणि तो आवाज तिच्या घरातही पोहोचत होता.

"दादा, एकच विचारते," गौतमी म्हणाली. "आता खोटं सांगू नकोस. रीत-बीत सगळं सोड. तिला खरंच खावंसं वाटत होतं का? की तू विचारलंस म्हणून नुसतं झाडाकडे बोट दाखवलं?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. जन्मभर तिला त्या एका शब्दाचा आधार झाला असता. मी तोंड उघडलंही. पण समोर तिचा चेहरा होता, आईसारखाच, कपाळ आणि हनुवटी जशीच्या तशी, आणि मला तिच्याशी खोटं बोलता येईना.

"हो," मी म्हणालो. "फार वाटत होतं."